मॉर्निंग्टनची सनद : एका आयरिश किताबाचे प्रकरण

२६ सप्टेंबर १८४२ रोजी लंडनच्या नाइट्सब्रिज भागातील किंग्स्टन हाउसमध्ये रिचर्ड कॉली वेलस्ली वयाच्या ८२ व्या वर्षी मरण पावला. मराठी वाचक त्याला शाळेच्या पुस्तकापासून ओळखतात : तैनाती फौजेचे धोरण राबवणारा, टिपू सुलतानाचा पाडाव करणारा आणि वसईच्या तहाने पेशवाईच्या गळ्यात फास अडकवणारा गव्हर्नर जनरल, लॉर्ड वेलस्ली. मृत्युसमयी त्याच्याकडे तीन महत्त्वाचे वंशपरंपरागत किताब होते. आयर्लंडच्या उमरावांमधील ‘अर्ल ऑफ मॉर्निंग्टन’ हा वडिलांकडून आलेला होता. ग्रेट ब्रिटनच्या उमरावांमधील ‘बॅरन वेलस्ली’ त्याला १७९७ मध्ये मिळाला होता. आणि पुन्हा आयर्लंडचाच, पण दर्जाने सर्वांत वरचा ‘मार्क्विस वेलस्ली’ हा किताब टिपूच्या पराभवानंतर १७९९ मध्ये मिळाला होता. तो गेला त्या दिवशी यांतले दोन किताब कायमचे संपले आणि तिसरा त्याच्या धाकट्या भावाकडे गेला. मृत्यूच्या वेळी त्याचा एक मुलगा हयात होता, तरीही त्याच्या हाती काहीच आले नाही. असे का घडले, याचे उत्तर शोधताना आयरिश उमरावकीची सारी घडण उलगडत जाते, म्हणून हे एकच प्रकरण येथे सविस्तर मांडले आहे.

मॉर्निंग्टन हे आयर्लंडच्या मीथ परगण्यातील, बॉइन नदीच्या मुखाजवळचे गाव. या परगण्यात वेस्ली घराण्याची जमीन होती आणि ट्रिम या गावाच्या परिसरात डँगन येथे त्यांचा वाडा होता. १७२८ मध्ये गॅरेट वेस्ली निपुत्रिक वारला आणि त्याची मालमत्ता रिचर्ड कॉली नावाच्या नातलगाकडे आली. कॉलीने या वारशाबरोबर वेस्ली हे आडनावही घेतले. आपल्याकडे दत्तक गेलेला मुलगा दत्तक घराचे नाव लावतो, त्यासारखीच ही रीत दिसते, पण एक मोठा फरक आहे. येथे दत्तविधान झाले नव्हते. जमीन मृत्युपत्राने आली आणि नाव त्या जमिनीच्या मानासाठी घेतले गेले. म्हणजे पुढे जगभर गाजलेले ‘वेलस्ली’ हे नाव मुळात या घराण्याच्या पुरुषवंशाचे नव्हतेच. त्यांचे मूळ आडनाव कॉली. ‘वेस्ली’चे ‘वेलस्ली’ हे जुने रूप पुन्हा लावण्यास अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरुवात झाली, आणि धाकटा भाऊ आर्थर, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, मे १७९८ पासून तशी सही करू लागला. तेव्हा तो हिंदुस्थानात होता.

या रिचर्ड कॉली-वेस्लीला १७४६ मध्ये ‘बॅरन मॉर्निंग्टन’ करण्यात आले. दोन वर्षांनी, १७४८ मध्ये, मेरी डिलेनी या पाहुणीने डँगनला भेट दिल्यावर लिहिलेले वर्णन उपलब्ध आहे. वाड्याच्या बागेत पाण्याचे मोठे कालवे होते, त्यांत खेळण्याच्या आकाराची, पण खरोखर तरंगणारी जहाजे होती आणि काठावर छोटा किल्ला उभारलेला होता. तेरा वर्षांचा मुलगा गॅरेट हा त्या किल्ल्याचा किल्लेदार आणि त्या आरमाराचा सरदार. आपल्या या मानलेल्या आईच्या स्वागतासाठी त्याने सगळी निशाणे चढवली होती. हे चित्र मला फार बोलके वाटते. दोन पिढ्यांत याच घरातून खऱ्या किल्ल्यांवर तोफा डागणारी माणसे निघाली, आणि त्यांतले काही किल्ले आपले होते.

गॅरेटला मात्र युद्धात रस नव्हता. त्याचा जीव संगीतात होता. तो व्हायोलिन वाजवत असे, त्याने कंठसंगीताच्या रचना केल्या, आणि १७६४ ते १७७४ या काळात तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचा प्राध्यापक होता. प्रार्थनेच्या वेळी म्हणण्यासाठी त्याने बांधलेली एक चाल इंग्लंडच्या चर्चमध्ये अजून गायली जाते. ऑक्टोबर १७६० मध्ये त्याला ‘व्हायकाउंट वेलस्ली’ आणि ‘अर्ल ऑफ मॉर्निंग्टन’ हे किताब मिळाले. त्या सनदेतील एक अट या साऱ्या प्रकरणाचा कणा आहे. किताब गॅरेटला आणि त्याच्यानंतर ‘त्याच्या देहापासून झालेल्या औरस पुरुषवारसांना’ मिळणार होता. अर्थ असा, की गॅरेटचे जितके औरस मुलगे असतील त्या सर्वांच्या पुरुषशाखा या सनदेच्या छत्राखाली येतात. थोरली शाखा संपली तर दुसरी, दुसरी संपली तर पुढची. मुलींना त्यात स्थान नव्हते, दत्तकाला नव्हते, आणि लग्नापूर्वी झालेल्या मुलालाही नव्हते.

गॅरेट १७८१ मध्ये वारला तेव्हा मागे मोठे कर्ज राहिले होते. थोरला रिचर्ड तेव्हा ऑक्सफर्डला शिकत होता. तो पदवी न घेताच परतला, घराचा कारभार हाती घेतला, वडिलांचे कर्ज स्वतःच्या शिरावर घेतले आणि धाकट्या भावांची सोय लावून दिली. ट्रिम गावाची आयरिश संसदेतील जागा घराण्याच्या मुठीत होती. तेथून आधी विल्यम आणि मग आर्थर निवडून गेले. अखेर १७९३ मध्ये रिचर्डने डँगनही विकून टाकले. अर्ल ऑफ मॉर्निंग्टन या किताबामागे ज्या जमिनीचे बळ होते, ती जमीन किताब मिळाल्यावर एका पिढीतच हातची गेली. ज्यांना इंग्रज उमराव म्हणजे गढीवर राहणारा जहागीरदार असे वाटते, त्यांनी या गोष्टीची नोंद घ्यावी. या किताबाला जमिनीची गरज नव्हती. त्याला वारस लागत होता.

येथे आयरिश उमरावकीचे स्थान समजून घेणे आवश्यक आहे. अठराव्या शतकात आयर्लंडची स्वतंत्र संसद डब्लिनला भरत असे आणि आयरिश उमरावाला तिच्या वरिष्ठ सभागृहात बसण्याचा हक्क होता. लंडनच्या उमरावसभेत मात्र त्याला जागा नव्हती. याचा एक परिणाम असा, की आयरिश अर्ल असूनही रिचर्डला ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात निवडून जाता आले. लंडनच्या दृष्टीने या किताबांची किंमत कमी होती आणि राजकीय सोयीसाठी ते सढळ हाताने वाटले जात. ब्रिटनशी झालेल्या १८०१ च्या एकीकरणाने आयर्लंडची संसदच बरखास्त झाली आणि तिच्या बदल्यात आयरिश उमरावांनी आपल्यातून २८ जण तहहयात निवडून लंडनला पाठवावेत अशी तरतूद झाली. त्या एकीकरणाला संमती मिळवण्यासाठीही अनेक नवे किताब आणि बढत्या देण्यात आल्या. नवीन आयरिश किताब देण्यावर पुढे मर्यादा आली आणि ही प्रथा क्षीण होत गेली. १८९८ मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय म्हणून निघालेल्या जॉर्ज कर्झनला दिलेला बॅरनचा किताब हा अशा प्रकारचा शेवटचा ठरला. कर्झनला तो हेतुपुरस्सर आयर्लंडचा देण्यात आला, कारण परतल्यावर त्याला कनिष्ठ सभागृहाचा दरवाजा उघडा राहावा असे वाटत होते.

रिचर्डला मात्र आयरिश किताब ही सोय वाटली नाही, तो अपमान वाटला. मे १७९८ मध्ये तो कलकत्त्यात दाखल झाला आणि वर्षभरात, ४ मे १७९९ रोजी, श्रीरंगपट्टण पडले. इतक्या मोठ्या विजयानंतर इंग्लंडचा मार्क्विसचा किताब किंवा गार्टर हा सर्वोच्च मान मिळेल अशी त्याची खात्री होती. डिसेंबर १७९९ मध्ये त्याला आयर्लंडचा मार्क्विस करण्यात आले. समुद्रमार्गे ही बातमी येण्यास कित्येक महिने लागले आणि ती आल्यावर तो अक्षरशः आजारी पडला. पंतप्रधान पिटला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या मनःस्तापाचे वर्णन केले; आपल्या कामगिरीत आयरिश किंवा नकली असे काही नव्हते, तेव्हा बक्षिसातही ते नसेल अशी आपली अपेक्षा होती, असे त्याचे म्हणणे होते. हा किताब म्हणजे दुहेरी मुलामा दिलेला बटाटा, असेही त्याने म्हटले. स्वतः डँगनला जन्मलेल्या माणसाने आयर्लंडचे नाव ‘नकली’ या शब्दाच्या शेजारी ठेवावे, हे वाचताना मन खट्टू होते. पण लंडनच्या दरबारात आयरिश उमरावाची पत किती होती, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा शोधूनही सापडणार नाही.

त्यानंतरचा भाग आपल्या भूमीवर घडला. ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह आणि त्यातून पेटलेले दुसरे इंग्रज-मराठा युद्ध हे रिचर्डच्या धोरणाचे फळ होते आणि दख्खनमध्ये त्याची अंमलबजावणी धाकट्या आर्थरने केली. ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला. २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे आणि भोसले यांच्या फौजांशी अतिशय रक्तरंजित लढाई झाली. डिसेंबरमध्ये गाविलगड गेला. या विजयांवर रिचर्डच्या किताबात भर पडेल असा रंग दिसत असतानाच यशवंतराव होळकरांनी पारडे फिरवले. १८०४ मध्ये कर्नल मॉन्सनच्या तुकडीची दाणादाण उडाली, पुढच्या वर्षी भरतपूरच्या किल्ल्यावरील हल्ले फसले, युद्धाचा खर्च कंपनीच्या संचालकांना पेलेना, आणि १८०५ मध्ये रिचर्डला कलकत्ता सोडावे लागले. १८१० मध्ये त्याला गार्टर मिळाला, पण मार्क्विसच्या वर तो कधीच चढला नाही. ज्याला त्याने आपल्या शब्दाने आणि पैशाने पुढे आणले, तो आर्थर १८१४ मध्ये ड्यूक झाला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. यासँत-गाब्रिएल रोलाँ या फ्रेंच स्त्रीबरोबर रिचर्ड बरीच वर्षे राहत होता आणि तिच्यापासून त्याला पाच मुले झाली : रिचर्ड, अ‍ॅन, हायसिंथ, जेरल्ड आणि हेन्री. दोघांनी लग्न केले ते नोव्हेंबर १७९४ मध्ये, पाचही मुलांच्या जन्मानंतर. रिचर्डने ही मुले कधी नाकारली नाहीत. ती त्याचेच आडनाव लावत होती, त्यांना चांगले शिक्षण मिळाले, आणि जेरल्ड पुढे कंपनीच्या नोकरीत होळकरांच्या दरबारी इंदूरला रेसिडेंट होता. तरीही कायद्याच्या दृष्टीने ती अनौरस होती आणि अनौरसच राहिली.

याचे मूळ तेराव्या शतकात आहे. आईबापांनी नंतर लग्न केले तर आधीची मुले औरस होतात, असा चर्चचा नियम होता आणि स्कॉटलंडच्या कायद्यानेही तो स्वीकारला होता. इंग्लंडच्या धर्मगुरूंनी मर्टन येथील सभेत तोच नियम लागू करण्याची मागणी केली, तेव्हा उमरावांनी ‘इंग्लंडचे कायदे आम्ही बदलू इच्छित नाही’ असे उत्तर देऊन ती फेटाळली. जमिनीच्या वारशाचे भय त्यामागे होते. हाच नियम आयर्लंडमध्येही चालू झाला. पुढे १९२६ मध्ये इंग्लंडच्या कायद्याने नंतरच्या लग्नाने औरसत्व मिळण्याची मुभा दिली, पण किताबांचा वारसा त्यातून मुद्दाम वगळण्यात आला.

मराठी वाचकाला येथे दत्तकाची आठवण होणे स्वाभाविक आहे, कारण आपल्या संस्थानांत आणि वतनदार घराण्यांत निपुत्रिकाची गादी दत्तकाने चालत आली. इंग्रज उमरावाला हा मार्गच नव्हता. त्याच्या किताबाचा वारस रक्ताचा, औरस आणि सनदेत सांगितलेल्या ओळीतलाच असावा लागे. तो निवडणे ना धन्याच्या हाती, ना धर्मशास्त्राच्या. रिचर्डचे दोन किताब संपल्यानंतर सहा वर्षांनी, १८४८ मध्ये, साताऱ्याचे शहाजी महाराज ऊर्फ आप्पासाहेब वारले, आणि मृत्यूपूर्वी त्यांनी घेतलेला दत्तक कंपनीने अमान्य करून राज्य खालसा केले. डलहौसीच्या त्या निर्णयामागे राज्यविस्ताराचा हव्यास होता, यात मला शंका नाही. पण वारस नसला तर दिलेले दान देणाऱ्याकडे परत जाते, ही कल्पना ज्या समाजातून ते अधिकारी आले होते तिथे रोजच्या व्यवहारातली होती, हेही लक्षात घ्यायला हवे. त्यांनी ती कल्पना अशा गादीला लावली, जी त्यांनी कधी दान दिलेलीच नव्हती, असे मराठी माणूस म्हणत आला आणि ते योग्यच होते.

१८४२ मध्ये सनदा कशा लागू झाल्या, ते आता सरळ सांगता येते. बॅरन वेलस्ली आणि मार्क्विस वेलस्ली हे किताब खुद्द रिचर्डला दिलेले होते, म्हणून त्यांची ओळ त्याच्यापासून सुरू होत होती. त्याला औरस पुत्र नसल्यामुळे ती तेथेच खुंटली. मुलगे रिचर्ड आणि जेरल्ड बापाच्या आधीच वारले होते. हयात होता तो हेन्री, ऑक्सफर्डला शिकलेला धर्मोपदेशक, आणि त्याचा कोणत्याच सनदेवर हक्क नव्हता. मॉर्निंग्टनची ओळ मात्र एक पिढी आधी, गॅरेटपासून सुरू होत होती. म्हणून ती पुढच्या भावाकडे, विल्यम वेलस्ली-पोलकडे वळली आणि तो तिसरा अर्ल झाला. विल्यम तोवर स्वतःच्या कर्तृत्वाने बॅरन मेरीबरो झालेला होता. तो टांकसाळीचा प्रमुख असताना १८१६ पासून इंग्लंडची चांदीची आणि सोन्याची नाणी नव्याने पाडण्यात आली आणि त्यांतल्या काही नाण्यांवर त्याच्या नावाची तीन आद्याक्षरे अगदी बारीक कोरलेली आहेत. भिंग धरल्याशिवाय ती दिसत नाहीत.

१८४५ मध्ये विल्यमनंतर त्याचा एकुलता मुलगा चौथा अर्ल झाला. त्याने १८१२ मध्ये कॅथरिन टिल्नी-लाँग या इंग्लंडमधील अत्यंत श्रीमंत वारसदार तरुणीशी लग्न केले होते. दहा वर्षांत तिची संपत्ती त्याने उधळली. १८२२ मध्ये लंडनजवळच्या वॉन्स्टेड हाउसमधील सामानाचा लिलाव ३२ दिवस चालला आणि पुढे तो भव्य वाडा पाडून विटा-दगडांच्या भावाने विकला गेला. १८२५ मध्ये कॅथरिन वारली. मुलांचा ताबा बापाला द्यावा की नाही हा वाद न्यायालयात गेला, तेव्हा १८२७ मध्ये लॉर्ड चॅन्सलर एल्डनने त्याच्या वर्तनाकडे बोट दाखवून ताबा नाकारला आणि उमरावसभेनेही पुढच्या वर्षी तो निर्णय कायम ठेवला. बापाच्या हक्कापेक्षा मुलाचे हित राजसत्तेने पाहावे, या तत्त्वाचा हा एक महत्त्वाचा दाखला आहे. या माणसाच्या आयुष्यातून जगाला काही उपयोगाचे मिळाले असेल तर ते त्याच्या विरुद्ध लागलेला हा निकालच. १८५७ मध्ये तो लंडनमध्ये भाड्याच्या खोल्यांत वारला. सनदेने त्याच्याकडे चारित्र्य मागितले नव्हते आणि त्याच्या अधःपाताने किताबाला धक्काही लागला नाही.

पाचवा अर्ल, त्याचा मुलगा, १८६३ मध्ये पॅरिसमध्ये अविवाहित वारला. त्याच्याबरोबर विल्यमची शाखा संपली आणि बॅरन मेरीबरो हा किताबही. या वेळी वारशाची दोन टोके दोन दिशांना गेली. आईच्या माहेराकडून आलेली विल्टशायरमधील ड्रेकॉटची जहागीर त्याने मृत्युपत्राने चुलत्यांच्या शाखेतील अर्ल काउलीला दिली, कारण मालमत्तेचे मृत्युपत्र करता येते. किताबाचे मृत्युपत्र करता येत नाही. तो गॅरेटच्या पुढच्या मुलाच्या शाखेकडे गेला आणि ती शाखा आर्थरची होती. अशा रीतीने दुसरा ड्यूक ऑफ वेलिंग्टन हा सहावा अर्ल ऑफ मॉर्निंग्टन झाला, आणि तेव्हापासून हा आयरिश किताब ड्यूकच्या किताबांच्या माळेतला एक मणी म्हणून राहिला आहे. ड्यूकचा थोरला मुलगा शिष्टाचाराने मार्क्विस ऑफ डूरो म्हणवला जातो आणि त्याचा थोरला मुलगा अर्ल ऑफ मॉर्निंग्टन.

आयर्लंडमध्ये या नावाला आता कायद्याने काही वजन नाही. १९३७ च्या आयरिश राज्यघटनेने सरकारला उमरावकीचे किताब देण्यास मनाई केली आणि नागरिकाला असा किताब घ्यायचा तर सरकारची पूर्वसंमती लागेल असे ठरवले. आपल्या राज्यघटनेचे १८ वे कलम याच वाटेने जाते. डँगनचा वाडा १८०९ मध्ये आगीत जळाला. त्याच्या छप्पर नसलेल्या भिंती मीथमधल्या माळावर अजून उभ्या आहेत.

रिचर्डच्या अनौरस मुलांचा धागा मात्र येथे संपत नाही. थोरली मुलगी अ‍ॅन हिने पहिल्या लग्नानंतर लॉर्ड चार्ल्स बेंटिंकशी संसार मांडला. त्यांच्या मुलाची मुलगी सेसिलिया स्ट्रॅथमोरच्या अर्लची पत्नी झाली, सेसिलियाची मुलगी एलिझाबेथ बोझ-लायन इंग्लंडची राणी झाली आणि तिचीच मुलगी एलिझाबेथ दुसरी १९५२ मध्ये गादीवर बसली. मॉर्निंग्टनच्या सनदेपुढे अ‍ॅनचा हक्क दोन ठिकाणी अडला असता : ती आईबापांच्या लग्नाआधी जन्मली होती, आणि तसे नसते तरी ती स्त्री होती. इंग्लंडच्या गादीचा वारसा मात्र त्या काळी मुलगा नसेल तर मुलीकडे जात असे, आणि एलिझाबेथला तो तिच्या वडिलांकडून मिळाला.